तडजोडीच्या नोंदी: खर्च वाचकाचा की सरकारी तिजोरीचा?

अमेरिकेच्या संघीय न्यायालयांच्या 'पेसर'वर, म्हणजे खटल्यांच्या नोंदी ऑनलाइन पाहण्याच्या सेवेवर, पानाला 10 सेंट पडतात. एका दस्तऐवजाला कमाल 3 डॉलर, म्हणून 40 पानी तडजोडनामाही तेवढ्यातच मिळतो. नावाने शोधताना मात्र ही मर्यादा नाही. काही सापडलं नाही तरी एका पानाचे पैसे लागतात. तिमाहीत 30 डॉलरपर्यंतचा वापर माफ.

आपल्या न्यायालयांच्या ई-कोर्ट्स संकेतस्थळावर खटल्याचा 16 अक्षर-अंकी सीएनआर क्रमांक टाकला की अपलोड झालेला आदेश फुकट वाचता येतो. भार तिजोरीवर: 2023 मध्ये मंजूर झालेल्या ई-कोर्ट्स प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याच्या 7,210 कोटींपैकी 2,038.40 कोटी स्कॅनिंग, डिजिटायझेशन आणि जतनासाठी. हेच आम्हाला रास्त वाटतं. तडजोडीने वाद मिटवणाऱ्या लोकअदालतीचा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखाच. अंमलबजावणीला 12 वर्षांची मुदत. तोवर फाइल उघडलीच पाहिजे, म्हणून पीडीएफ-ए हे दीर्घकाळ जतनासाठीचं फाइल-स्वरूप. न्यायालयीन आदेशाच्या प्रमाणित प्रतीसाठी मात्र सहसा अर्ज आणि शुल्क चुकत नाही; लोकअदालतीच्या निवाड्याची प्रमाणित प्रत पक्षकारांना मोफत मिळते.