‘हू नोज’ कशावर ऐकावं: मूळ तबकडी की २००४चा संच?

ओहायोतल्या कोलंबस शहरात बिल मॉस या रेडिओ निवेदकाने कॅपसोल नावाची छोटीशी रेकॉर्ड कंपनी काढली. १९७०च्या सुमारास तिथून मेरियन ब्लॅक या गायकाची एक तबकडी निघाली. पुढच्या बाजूला ‘गो ऑन फूल’. पण माझ्या मते खरं सोनं मागच्या बाजूला आहे, ‘हू नोज’. उद्या ऊन पडेल की पाऊस, कुणाला ठाऊक, एवढाच आशय. ब्लॅकचा जड, संथ आवाज मात्र तो थेट काळजात उतरवतो.

मूळ तबकडी सात इंची, मिनिटाला ४५ फेरे, बाजूला एकच गाणं. त्यामुळे खाचा ऐसपैस कापता येतात आणि आवाज भरदार येतो. अडचण एकच: जुनी प्रत बहुधा भरपूर वाजलेली असते. धूळ धुऊन जाते, सुईने झिजलेल्या खाचेतली खरखर जात नाही.

जुनं संगीत नव्याने काढणाऱ्या शिकागोच्या न्यूमरो ग्रुप या कंपनीने २००४ साली ‘एक्सेंट्रिक सोल’ या संगीतसंचांच्या मालिकेची सुरुवातच कॅपसोलच्या गाण्यांच्या संचाने केली. त्यात हे गाणं स्वच्छ ऐकू येतं, शिवाय जॉन्सन, हॉकिन्स, टेटम अँड डर यांचं ‘यू कान्ट ब्लेम मी’ भेटतं (ते चुकवू नकाच), आणि पुस्तिकेत कंपनीची कहाणीही वाचायला मिळते.

पहिल्यांदा ऐकणाऱ्याने बेलाशक संच घ्यावा. मूळ तबकडीसाठी पैसे मोजायचे तर आधी उजेडात तिरकी धरून खाचा बघा आणि विक्रेत्याला ‘हू नोज’ची बाजू वाजवून दाखवायला सांगा.