सल्ल्यासकट साठवणीचे सामान : गणपती पेठेतील एक दुकान

सांगलीच्या गणपती पेठेत साठवणीचे आणि घरस्वच्छतेचे जुन्या पद्धतीचे सामान सुटे विकणारे एक काष्ठौषधीचे दुकान आहे. वर्षाचे धान्य भरायच्या दिवसांत तिथे बरीच गर्दी असते आणि प्रत्येक पुडीबरोबर मालक एखादा सल्लाही देतात. माल उत्तम आहे. सल्ले मात्र निवडून घ्यावेत.

रिठे मागितल्यावर मालकांनी एक रिठा कानाशी हलवून पाहिला, फोडून आतली काळी बी बाजूला काढली आणि नुसती टरफले तोलली. "ताई, बी तोलून पैसे घेतले तर गिऱ्हाईक परत येईल का?" हे त्यावरचे त्यांचे स्पष्टीकरण. रात्रभर भिजवलेल्या टरफलांतील सॅपोनिनमुळे फेस येतो आणि रेशमी व लोकरीच्या कपड्यांना तो धुण्याच्या पावडरीपेक्षा मानवतो. तांब्याच्या भांड्यांसाठी दिलेली जुनी चिंचही गुणाची निघाली.

कडधान्याला एरंडेल चोळण्याचा सल्ला मी बिनतक्रार मानते. दाण्यावर तेलाचा पातळ थर बसला की भुंग्यांना अंडी घालणे अवघड जाते आणि घातलेली अंडीही हवेअभावी मरतात. कडुनिंबाच्या वाळल्या पाल्यावर मात्र मालकांइतका माझा विश्वास नाही, कारण किडीला रोखणारा अंश मुख्यतः लिंबोळीच्या बीतील गरात असतो आणि धान्य टिकते ते बहुधा पाल्याआधी दिलेल्या कडक उन्हामुळे.

खरा आक्षेप आहे तो गव्हात घालायच्या पारद गोळ्यांवर. पारा विषारी आहे, त्याची वाफ बंद पिंपातच कोंडते आणि फुटलेली गोळी निवडताना नजरेतून सुटली तर थेट दळणात जाते. पाऱ्याच्या वापराला आळा घालणाऱ्या २०१३ च्या मिनामाता कराराला भारताने २०१८ मध्ये मान्यता दिली, तरी या दुकानात त्या गोळ्या खडीसाखरेशेजारच्या बरणीत, कसलीही सूचना न लिहिता ठेवलेल्या आहेत. तांदळाला लावायची बोरिक पावडरही तशीच सुटी मिळते. "सात पाण्यांनी धुवा" असे मालक बजावतात खरे, पण सकाळच्या घाईत कुकर लावणारे कोणते घर सात पाण्यांची वाट पाहते? "या दोन्ही वस्तू नकोत," असे सांगितल्यावर त्यांनी वाद न घालता पुड्या परत घेतल्या, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवे.

भाव नेहमीच्या किराणा दुकानापेक्षा किंचित चढे आहेत. एरंडेल सुटेच मिळत असल्याने कोरडी बाटली घरून न्यावी.