उंच हँडलसाठी लांब क्लच केबल: पावसाळा धरून काही महिने वापरल्यावर

मोटारसायकलच्या हँडलखाली रायझर (हँडल उंच करणारे ठोकळे) टाकले की मूळची केबल आखूड पडते, म्हणून ही लांब केबल घेतली. टिकाऊ आहे. पण क्लच नीट चालणं केबलपेक्षा ती कुठून नेली यावर जास्त अवलंबून असतं.

केबलची वाट बदलल्यावर नेहमीची तक्रार अशी: लिव्हर पूर्ण दाबूनही गाडी ओढते, पहिला गिअर खाडकन पडतो, नाशिकच्या द्वारका चौकातल्या गर्दीत न्यूट्रल सापडत नाही. अशा वेळी क्लच प्लेट लगेच उघडू देऊ नका. आधी इंजिनाकडचं टोक सोडवून क्लचचा आर्म (केबल ज्याला ओढते तो इंजिनावरचा दांडा) हाताने फिरवा. किंचित मोकळा फिरून पुढे स्प्रिंगचा कडक जोर लागला, तर दोष बहुतेक केबलचाच. आतली तार ओढून बघा. केबल सरळ धरल्यावर अलगद सरकते आणि गाडीवर खरखरते, म्हणजे कुठेतरी वळण फार आवळलंय. टाकीखालून मोठ्या गोलाईत न्या, केबल बांधायचा टाय ढिला ठेवा, सायलेन्सरच्या पाइपला टेकू देऊ नका.

सगळ्यात फसवी जागा म्हणजे बाहेरच्या आवरणाची टोपी. ती खाचेत पूर्ण बसली नसेल तर लिव्हरचा निम्मा प्रवास टोपी सरकण्यातच जातो आणि आर्म जेमतेम हलतो. वरून बघून कळत नाही. टोपीवर बोट ठेवून लिव्हर दाबा, हालचाल जाणवते.

सेटिंग इंजिन थंड असताना करा. वरचा, लिव्हरजवळचा अ‍ॅडजस्टर (ताण जुळवायचा स्क्रू) जवळपास पूर्ण आत घ्या, मोठा ढिलेपणा खालच्या, इंजिनाकडच्या नटांनी काढा, मग वर बारीक जुळवा. लिव्हरच्या टोकाला साधारण १० ते १५ मिमी प्ले, म्हणजे ताण येण्याआधीची मोकळी हालचाल, हवा. गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरा. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा: प्ले बदलला तर वाट चुकलीय. प्ले शून्य ठेवला तर प्लेटा घसरतात. कसारा घाट चढताना इंजिन नुसतं ओरडतं, गाडी वेग घेत नाही.

सुरुवातीच्या दिवसांत केबल थोडी सैल पडली, एकदा जुळवावी लागली. त्र्यंबक रस्त्याच्या पावसात रबरी टोपी उपयोगी पडली, तरी अ‍ॅडजस्टर आणि लॉकनटच्या खाचा एका रेषेत ठेवू नका. पाणी थेट आत जातं. टेफ्लॉनचं अस्तर असेल तर आत ग्रीस नको. लिव्हरमधल्या निपलला (तारेच्या टोकाच्या धातूच्या गुंडीला) मात्र थेंबभर लावा. कोरडं निपल फिरत नाही, तार तिथेच वाकत राहते आणि एकेक धागा तुटतो. एक तुटलेला दिसला की केबल बदलाच.