दाढ काढल्यानंतर जोराचा व्यायाम: तिसऱ्या दिवशी की आठवड्यानंतर?

दात किंवा दाढ काढून घेतल्यावर नियमित व्यायाम करणाऱ्याला दोन सल्ले ऐकू येतात. दुखणे ओसरले की तिसऱ्या दिवसापासून सुरुवात करायला हरकत नाही, असे काही जण सांगतात, तर पुरता आठवडा जाऊ द्यावा, असे काहींचे म्हणणे असते. दात कसा काढला गेला आणि परत कोणत्या व्यायामाकडे जायचे आहे, या दोन गोष्टी पाहिल्याशिवाय यांपैकी एकही सल्ला तसाच उचलता येत नाही. पहिल्या २४ तासांविषयी मात्र वाद नाही. तो वेळ विश्रांतीचाच आहे, आणि गुंगी किंवा पूर्ण भूल दिली असेल तर अधिकच.

दात निघाल्यावर त्याच्या रिकाम्या खोबणीत रक्त साकळून गुठळी तयार होते. खालचे उघडे हाड आणि नसांची टोके तिच्याखाली झाकली जातात आणि नवी ऊती तिच्याच आधाराने भरत येते. जोराच्या व्यायामात नाडी आणि रक्तदाब वाढतात, त्यामुळे नुकत्याच बंद झालेल्या बारीक रक्तवाहिन्या पुन्हा वाहू लागण्याचा धोका असतो. गुठळी निखळली किंवा विरघळली, तर ज्याला ड्राय सॉकेट म्हणतात ती अवस्था येते. बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास कानापर्यंत जाणारा ठणका सुरू होतो, तोंडाला वाईट वास येतो आणि नेहमीची वेदनाशामक गोळी पुरी पडत नाही. धूम्रपान, दात काढताना झालेला त्रास आणि खालच्या अक्कलदाढेची जागा ही ड्राय सॉकेटची अधिक परिचित कारणे आहेत, हेही सांगितले पाहिजे. व्यायामाचा अधिक थेट धोका रक्तस्राव पुन्हा सुरू होण्याचा आहे.

तिसऱ्या दिवशी परतण्याच्या बाजूने बोलायचे, तर हलणारा किंवा एकाच मुळाचा दात चिमट्याने सहज निघाला असेल, टाके नसतील आणि रक्त पहिल्याच दिवशी थांबले असेल, तर हा पर्याय बहुतेक निरोगी माणसांना झेपतो. नेहमीच्या निम्म्या जोराने, कमी वेळ आणि मध्येमध्ये थांबत सुरुवात करावी. तरीही या दिवसाची एक फसवी बाजू आहे. सूज साधारण ४८ ते ७२ तासांत सर्वाधिक असते आणि ड्राय सॉकेटचाही हाच काळ असतो. त्यातच गोळीच्या अंमलामुळे दुखणे दबलेले असते, म्हणून ‘आता बरे वाटते’ या जाणिवेवर विसंबून राहता येत नाही. माझी खालची दाढ काढली होती, तेव्हा तिसऱ्या दिवशी सकाळी मी धावायला निघालो. बुटाची नाडी बांधायला वाकताच जबड्यात नाडीच्या लयीत ठोके पडू लागले आणि जिभेला लोखंडासारखी चव लागली. मी बूट काढून ठेवले. तेव्हापासून विचारणाऱ्यांना मी आधी गोळीचा अंमल उतरल्यावर वाकून पाहायला सांगतो. ठोका जाणवला, तर तो दिवस धावण्याचा नाही. शिवाय या दिवसांत मऊ आणि कमी खाल्ले जाते, पाणीही कमी पडते, त्यामुळे नेहमीच्या अंतरावरही भोवळ येऊ शकते.

आठवडाभर थांबण्याची किंमत लोक उगाचच मोठी मानतात. इतक्या खंडाने दम लक्षणीय घटत नाही आणि स्नायूंची ताकद तर त्याहून जास्त काळ टिकते. हिरडी कापून, हाड कोरून किंवा दाढेचे तुकडे करून ती काढली असेल, टाके असतील किंवा एकाच वेळी अनेक दात काढले असतील, तर मी नि:संकोच हाच पर्याय निवडेन, आणि दंतवैद्याने दहा दिवस सांगितले तर दहा दिवस थांबेन. या काळात घरी बसून राहण्याची गरज नसते. तक्रार नसेल तर दुसऱ्या दिवसापासून सपाटीवर सावकाश चालता येते.

व्यायामाच्या प्रकारानुसार हे अंतर आणखी बदलते. धावताना रक्तदाब हळूहळू चढतो आणि गती कमी करताच उतरू लागतो. जड वजन उचलताना मात्र आपण श्वास रोखतो, पोट आवळतो आणि नकळत दात घट्ट आवळून धरतो, त्यामुळे दाब क्षणात चढतो आणि जबड्यावरही ताण येतो. म्हणून साध्या दातानंतरही धावण्याच्या दोन-तीन दिवस मागाहून वजनांकडे वळावे आणि सुरुवात श्वास न रोखता उचलता येईल अशा हलक्या वजनाने करावी. डोके खाली जाणारी आसने, विशेषतः शीर्षासन, आणि जोराने श्वास सोडण्याचे प्रकार वजनांच्याच रांगेत धरावेत. पोहणे जखम मिटेपर्यंत, किमान आठवडाभर टाळावे. वरच्या दाढांची मुळे सायनसच्या, म्हणजे गालामागच्या हाडातील हवेच्या पोकळीच्या, तळाला लागून असतात, म्हणून तिथली दाढ काढली असेल तर श्वास रोखून जोर लावण्याविषयी दंतवैद्याला वेगळे विचारावे. कुस्ती, मुष्टियुद्ध आणि कबड्डी यांना आठवडाही पुरत नाही, कारण हाडात अडकलेली खालची अक्कलदाढ काढल्यावर जबडा त्या जागी काही आठवडे कमकुवत असतो.

रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी, तसेच उच्च रक्तदाब किंवा आटोक्यात नसलेला मधुमेह असणाऱ्यांनी दिवस स्वतः ठरवू नये. इतर कोणालाही व्यायाम करताना रक्त आल्यास लगेच थांबावे, डोके वर ठेवून बसावे आणि स्वच्छ ओलसर गॉझची घडी त्या जागी २० ते ३० मिनिटे दाताखाली दाबून धरावी. या वेळात चूळ भरू नये आणि थुंकू नये, कारण त्या ओढीनेही गुठळी सुटते. एवढे करूनही रक्त थांबले नाही, तर त्याच दिवशी दंतवैद्याकडे जावे.