आजोळी पुण्यात, हाताशी दोन वर्षांचं पोर: फुलराणी की कात्रज?

सहकारनगरला आईकडे उतरलं की पहिले दोन दिवस डबे, झाकणं आणि आजोबांच्या चष्म्याच्या घरावर भागतं. तिसऱ्या दिवशी सकाळी आमचे चिरंजीव, वय दोन वर्षं चार महिने, बूट घेऊन दाराशी बसतात. मग घरात सभा भरते. मावशी म्हणते, "कात्रजला न्या, वाघ बघेल." बाबा म्हणतात, "सारसबाग आहे की हाकेवर." दोघांचंही ऐकून पाहिलंय, एकेकदाच नव्हे. गंमत म्हणजे मावशीच्या लहानपणी हा वाद झालाच नसता. तेव्हा पुण्याचे वाघ सारसबागेशेजारी, पेशवे पार्कातच होते. कात्रजचं प्राणिसंग्रहालय १९९९ मध्ये सुरू झालं.

माझा निकष एकच: पोर बिनसलं तर किती वेळात घरी पोचता येतं. साडेबाराला ते झोपलं नाही, तर संध्याकाळपर्यंत घरात कुणीच झोपत नाही.

या निकषावर कात्रज मागे पडतं. तलावासकट सुमारे १३० एकरांचा पसारा, प्राणी एकमेकांपासून लांब लांब. पोर पहिली दहा मिनिटं चालतं आणि उरलेला वेळ तुमच्या कडेवर. बाबागाडी असेल तर जरूर न्या, रस्ते चांगले आहेत. आत बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या आहेत, पण रविवारी त्यांच्या रांगेत उभं राहण्यापेक्षा चाललेलं बरं. साडेनऊला दार उघडतं, म्हणजे झोपेच्या आधी हाताशी जेमतेम दोन तास. त्यात साताऱ्याच्या रस्त्याची वाहतूक.

आणि वाघ? आम्ही गेलो तेव्हा तो पाठ करून झाडाखाली पडला होता. "माऊ झोपली," एवढं म्हणून चिरंजीवांनी विषय संपवला. पण हत्तीपाशी मात्र ते खिळले. हत्ती सोंडेत माती घेऊन पाठीवर उडवत होता. प्रत्येक फवाऱ्याला पोर आधी माझ्याकडे बघायचं, हे चालतं का म्हणून, आणि मग हसायचं. घरी आल्यावर कुंडीतली माती स्वतःच्या डोक्यावर घेतली. त्या दहा मिनिटांसाठी कात्रज वसूल झालं, हे मी मावशीपाशी कबूल केलं. तरीही सोबत पाच-सहा वर्षांची भावंडं असतील तरच तिथे जा. त्यांना सर्पोद्यानात रमता येतं आणि धाकट्याला ओढायला चार हात जास्त मिळतात. बुधवारी ते बंद असतं. मंगळवारी रात्री पुण्यात उतरलेल्या पाहुण्यांचा हमखास याच दिवशी बेत ठरतो.

सारसबागेत बघण्यासारखं त्या मानाने काहीच नाही, आणि तीच तिची बाजू. हिरवळीवर चादर टाकायची, पोर सोडून द्यायचं. आजी-आजोबा बसल्या जागेवरून नजर ठेवू शकतात. तळ्यातल्या गणपतीला थंडीत स्वेटर आणि टोपी घालतात. डिसेंबरात गेलात तर स्वतःचा स्वेटर घालायला नकार देणाऱ्या पोराला ते आवर्जून दाखवा. आमच्याकडे दोन दिवस उपयोग झाला.

शेजारच्या पेशवे पार्कात फुलराणी. ही छोटी आगगाडी १९५६ पासूनची आहे, बाबा स्वतः चड्डीत असताना तिच्यात बसलेत. फेरी मोठ्यांना वाटतं तेवढ्यात संपते. दोन वर्षांच्या पोराला नेमकी तेवढीच पुरते, कारण संपल्यावर "पुन्हा" म्हणता येतं. आम्ही तीनदा "पुन्हा" केलं. गाडी चालू आहे का आणि किती वाजता सुटते, हे मात्र निघण्याआधी कुणाकडून तरी काढून घ्या. रुळांपाशी जाऊन गाडी नसली तर पुढचा अर्धा तास कुणाच्या बापाला आवरत नाही. खायचं म्हणाल तर बाहेरची भेळ मोठ्यांसाठी. पोराला आईने दिलेली गूळ-तुपाची पोळी. डायपर बदलायला जागा मिळेल या भरवशावर मी कुठल्याच बागेत जात नाही, एक जुनी चादर जास्तीची असते.

सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान बरेचजण सुचवतील. ओकायामाच्या कोराकुएन बागेवर बेतलेली ही बाग देखणी आहे, रंगीत मासे आहेत. पण ती बघायची बाग आहे, लोळायची नाही. दर दोन मिनिटांनी "इथे नको" म्हणायची तयारी असेल तर जा. पर्वतीच्या १०३ पायऱ्यांचं नावही बाबा काढतात. चढताना पोर उत्साहात असतं. उतरताना कोण उचलणार ते वरती ठरतं, म्हणून मी तो विषय खालीच मिटवते.

पावसाळ्यात आलात तर बागांचा प्रश्नच नाही. मग कोथरूडमधलं, १९९८ पासूनचं जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय. छोट्या गाड्या, बोगदे, सिग्नल, सगळं एका खोलीत आणि छपराखाली. अडचण एवढीच की हात लावायचा नाही, आणि दोन वर्षांच्या पोराला ते पटवणं म्हणजे अर्धा तास त्याला घट्ट धरून ठेवणं. तीन-साडेतीनच्या पुढच्या पोराला मात्र बेलाशक न्या.

गेल्या खेपेला पाऊस, आईचे गुडघे आणि चिरंजीवांचा हट्ट एकाच सकाळी जमले. आम्ही सरळ स्वारगेटहून मेट्रोत बसलो आणि सिव्हिल कोर्टला उतरलो. ते स्थानक जमिनीखाली सुमारे ३३ मीटरवर आहे, म्हणजे सरकत्या जिन्यांमागून सरकते जिने. वर आलो, पुन्हा खाली गेलो, पुन्हा वर. बाहेर पडायचं कुणाच्या डोक्यातच नव्हतं. साडेअकराला घरी. आईने कुकर लावला, मी पोराचे हातपाय धुतले, आणि शिट्टी व्हायच्या आत ते झोपलं.