निळा व्हँडा: शिलाँगच्या रोपवाटिकेतलं रोप, तीन वर्षांनी

गेल्या आठवड्यात दांड्यावर अकरा फुलं उमलली, म्हणून आज लिहायला बसले.

ह्यांच्या नोकरीमुळे आम्ही शिलाँगला आलो. याच खासी टेकड्यांत ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम ग्रिफिथला १८३७ साली निळा व्हँडा ही आमरी (म्हणजे ऑर्किड) सापडली होती. पहिल्या वर्षी रस्त्याकडेच्या एका विक्रेत्याकडून मी एक रोप घेतलं. मुळांना झाडाची साल चिकटलेली, निम्मी मुळं तुटलेली, पानं किड्यांनी खाल्लेली. जंगलातून ओरबाडून आणलंय हे तेव्हा कळलं नाही. पावसाळा संपायच्या आत ते बुंध्यापासून कुजलं. त्याचं अजून वाईट वाटतं.

हे रोप परवाना असलेल्या रोपवाटिकेतलं, ६५० रुपयांना. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत ही आमरी आहे, त्यामुळे दुसरीकडून घेऊच नका. तिथल्या काँगनी (खासीत ताईला काँग म्हणतात) परवाना न मागता दाखवला आणि बाटल्यांमधली इवली रोपंही. बी धुळीइतकं बारीक, त्यात अन्नाचा साठाच नसतो. जंगलात ते बुरशीच्या आधाराने रुजतं, बाटलीत साखर घातलेल्या जेलीवर. माझ्या रोपाची मुळं स्वच्छ, अखंड होती. फरक तिथेच दिसला.

लाकडी पट्ट्यांच्या टोपलीत ते टांगलंय, माती अजिबात नाही. मुळं कोरडी असली की रुपेरी दिसतात, पाणी फवारलं की बघता बघता हिरवी होतात. पाणी कधी द्यायचं ते मुळंच सांगतात. माझं माहेर आंबोलीचं. तिकडे सीतेची वेणी नावाच्या आमरीला बांडगूळ समजून काढून टाकतात, तेव्हा जीव तुटतो. आमरी झाडावर नुसती राहते, त्याचा रस शोषत नाही.

रंगाबद्दल काय सांगू! कळी उघडली तेव्हा फूल फिकट जांभळट होतं. पाचव्या दिवशी आकाशी निळं झालं, त्यावर गडद रेघांची चौकड्यांची जाळी. फूल जवळजवळ तळहाताएवढं. वास मात्र मला आला नाही.

मुंबईच्या बहिणीने मागितलं, तिला मी नाही म्हटलं. याला थंड रात्री लागतात.

टोपली आता लहान पडतेय. परवा काँगना विचारलं, तर त्या म्हणाल्या, मुळं सोडवू नका, ही टोपली तशीच मोठ्या टोपलीत बसवा.