सायकल रिपेअरिंग झकास, फक्त घाईत जाऊ नका
सुट्टीत हे दुकानदार आसपासच्या पोरांना शिकवायला घेतात, आणि नुसतं पाने उचलून द्यायला नाही हां, ट्यूब पाण्यात धर, बुडबुडे कुठून येतात बघ, तिथे घासून घे, सोल्यूशन जरा सुकू दे मगच पॅच चिकटव, असं सगळं त्यांच्याच हाताने करून घेतात. माझं पंक्चर नववीतल्या एका पोरीने काढलं, मालक बाजूला उभे राहून फक्त "टायरमधून आधी कापड फिरव" एवढंच म्हणाले (काच निघालीच!). वेळ जास्त लागतो हे खरंय. पण गिऱ्हाइकाशी बोलायला, हिशोब सांगायलाही पोरंच पुढे, मला तेच जास्त आवडलं. बिलावरचं अक्षर मात्र देवालाच कळो. चार स्टार.